आकाशाचा पहारा आणि जामसरचा प्रश्न

ज्येष्ठाच्या प्रारंभी, पावसाने अद्याप तोंड दाखविलेले नसते अशा रात्री, जव्हार तालुक्यातील जामसर गावी अंगणात निजणाऱ्या माणसाला दक्षिणेकडच्या आकाशात विंचवाची वळलेली नांगी सहज दिसते. ज्येष्ठा नक्षत्राची तांबूस तारका आणि शेपटाकडील मूळ नक्षत्र याच वृश्चिक राशीतील. १८ जून १९६२ च्या रात्री अमेरिकेतून सोडलेल्या एका लहानशा अग्निबाणाने काही मिनिटांच्या उड्डाणात याच राशीच्या दिशेने येणारे प्रखर क्ष-किरण टिपले. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तो तारा क्ष-किरणांत मात्र, सूर्य वगळता, साऱ्या आकाशातील सर्वांत तेजस्वी स्थायी स्रोत ठरला. या शोधातून खगोलशास्त्राची एक नवी शाखा जन्मास आली आणि तिचे प्रवर्तक रिकार्डो जियाकोनी यांना २००२ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

जामसरच्या माणसाला क्ष-किरण हा शब्द परिचित आहे तो निराळ्या कारणाने. हाड मोडले अथवा खोकला महिनोन्‌महिने हटेनासा झाला की त्याला 'एक्स-रे' काढण्यासाठी जव्हारच्या रुग्णालयाची वाट धरावी लागते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ समोरासमोर ठेवले म्हणजे एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. ज्या देशात जव्हार-मोखाड्याची बालके अजूनही पुरेशा अन्नाविना खुरटतात, त्या देशाने कोट्यवधी मैलांपलीकडच्या ताऱ्यांचे क्ष-किरण मोजण्यासाठी उपग्रह सोडावेत काय? प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याला विज्ञानद्वेष्टा ठरवून मोकळे होणे हा त्याला दिलेला जबाब होऊ शकत नाही. आज हा प्रश्न तातडीचा झाला आहे, कारण या क्षेत्रातील भारताची पुढची पायरी कोणती, याचा निर्णय व्हावयाचा आहे.

प्रथम या शास्त्राची अडचण समजून घेतली पाहिजे. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण जमिनीवर उभी राहू शकते, कारण रेडिओ लहरी वातावरणातून खाली पोहोचतात. क्ष-किरण आणि गॅमा किरण यांना पृथ्वीचे वातावरण वरच्यावर शोषून घेते. सजीव सृष्टीच्या दृष्टीने हे मोठेच भाग्य. परंतु ज्योतिर्विदाला त्यामुळे आपले उपकरण वातावरणाच्या वर नेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शिवाय साधा आरसा येथे उपयोगी पडत नाही. समोरून येणारा क्ष-किरण आरशात शोषला जातो अथवा आरपार निघून जातो. पाण्यावर चपटा दगड अगदी तिरपा भिरकावला तरच तो टप्पे घेत पुढे जातो, त्याप्रमाणे क्ष-किरणही आरशाच्या पृष्ठभागाला जेमतेम स्पर्श करील असा सोडला तरच परावर्तित होतो. म्हणून या दुर्बिणींचे आरसे सोन्यासारख्या जड धातूचा पातळ लेप दिलेल्या, एकात एक बसविलेल्या नळकांड्यांसारखे असतात. गॅमा किरणांना तर तेही अडवू शकत नाहीत. तेथे शोधक स्फटिकांवर पडणाऱ्या छायेवरून अथवा किरणाने मागे ठेवलेल्या ऊर्जेवरून दिशेचे अनुमान करावे लागते.

गॅमा किरणांचे स्फोट प्रथम आढळले तेही शोधावयास निघालेले नसताना. चोरून अणुस्फोट होतात की काय यावर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह सोडले होते. त्यांना २ जुलै १९६७ रोजी गॅमा किरणांचा एक क्षणिक लोट दिसला. पुढे असे आणखी लोट आढळले. ते पृथ्वीवरून अथवा सूर्यावरून आलेले नाहीत, ही गोष्ट १९७३ साली जाहीर झाली. आज आपण जाणतो की, हे स्फोट म्हणजे प्रचंड ताऱ्यांचा अंत अथवा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर होय. ते केव्हा आणि आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यात होतील याचा नेम नसतो. काही स्फोट दोन सेकंदही टिकत नाहीत. त्यामुळे हे काम निरीक्षणापेक्षा पहाऱ्याच्या जातीचे आहे.

या शास्त्रात भारत नवखा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने साठोत्तर काळात हैदराबादहून सोडलेल्या मोठ्या फुग्यांच्या साहाय्याने क्ष-किरणांचा अभ्यास आरंभिला. १९ एप्रिल १९७५ रोजी उडालेल्या 'आर्यभट' या पहिल्याच भारतीय उपग्रहावर क्ष-किरणांचा एक प्रयोग होता. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे तो अवघ्या काही दिवसांत थांबवावा लागला. १९९६ साली 'आयआरएस-पी३' या उपग्रहावरून असाच एक प्रयोग यशस्वी झाला. त्या अनुभवाच्या पायावर उभा राहिलेला 'ॲस्ट्रोसॅट' २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून ६५० किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत गेला. त्यावरील पाच उपकरणांपैकी क्ष-किरणांची तीन प्रामुख्याने टाटा संस्थेत घडली. त्यांतील एकाची माहिती पुण्यात, डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली उभ्या केलेल्या 'आयुका' या संस्थेत, संस्कारित होते. या उपकरणाने वृषभ राशीतील खेकडा तेजोमेघाच्या मध्यभागी गरगरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजले. तो निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या तज्ज्ञांनी त्याची दखल घेतली. ज्या गॅमा स्फोटांची टेहळणी हे त्याचे मुख्य काम नव्हते, असे सहाशेहून अधिक स्फोटही त्याने नोंदविले. पाच वर्षांच्या आयुष्याच्या हिशेबाने घडविलेल्या या उपग्रहाने कक्षेत दहा वर्षे पूर्ण केली.

परंतु याच यशस्वी उपग्रहाच्या वाट्याला एक मोठी चुकामूकही आली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेतील दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिका व युरोपातील वेधशाळांनी टिपल्या आणि त्यानंतर १.७ सेकंदांनी अमेरिकेच्या 'फर्मी' उपग्रहाला गॅमा किरणांचा स्फोट दिसला. एकाच घटनेची हाक गुरुत्वीय लहरींतून आणि प्रकाशातून मानवाने प्रथमच ऐकली होती. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत निर्माण होतात, या तर्काला तीतून बळकट आधार मिळाला. घराघरांतील मंगळसूत्राच्या वाट्यांतील सोन्याचे माहेर कोठे असावे, याचा तो माग होता. खोडदच्या दुर्बिणीने पुढे त्या घटनेच्या रेडिओ लहरींचा पाठपुरावा केला. ॲस्ट्रोसॅटच्या बाबतीत मात्र त्या क्षणी आकाशाचा तो भाग पृथ्वीच्या आड होता. उपकरण उत्तम होते, माणसे सज्ज होती. पण पहारेकरी एकच होता आणि चोर घराच्या मागच्या बाजूने आला. त्या उंचीवरून पृथ्वी जवळजवळ तीन दशांश आकाश झाकते. एका उपग्रहाने सबंध आकाशावर लक्ष ठेवणे शक्यच नव्हते.

या उणिवेवरचा उपाय महाराष्ट्रातूनच पुढे आला आहे. पवईच्या आय.आय.टी.च्या नेतृत्वाखाली टाटा संस्था, आयुका, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि बंगळूरची रामन संशोधन संस्था यांच्या सहभागाने 'दक्ष' या नावाची योजना आखली गेली. पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना राहतील असे दोन जुळे उपग्रह विषुववृत्तालगतच्या कक्षेत ठेवावयाचे, प्रत्येकावर घुमटाच्या आकारात शोधक बसवावयाचे आणि सौम्य क्ष-किरणांपासून गॅमा किरणांपर्यंतच्या विस्तृत पट्ट्यात सर्व आकाशावर अहोरात्र नजर ठेवावयाची, असा हा बेत आहे. एकाच्या दृष्टीने जो भाग पृथ्वीआड गेला तो दुसऱ्याला दिसेल. २०१८ साली भारतीय अंतराळ संशोधन संघटनेने नव्या खगोलशास्त्रीय उपग्रहांसाठी प्रस्ताव मागविले तेव्हापासून ही योजना विचाराधीन आहे. तिच्यासाठी प्रारंभिक निधी मिळाला, प्रयोगशाळेत नमुने तयार झाले. पूर्ण उभारणीचा निर्णय हीच खरी पायरी होय.

जग दरम्यान स्वस्थ बसलेले नाही. जपानचा 'क्रिझम' सप्टेंबर २०२३ मध्ये, चीनचा 'आइनस्टाइन प्रोब' जानेवारी २०२४ मध्ये आणि चीन व फ्रान्स यांचा 'स्वॉम' त्याच वर्षी जूनमध्ये उडाला. भारतानेही १ जानेवारी २०२४ रोजी क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजणारा 'एक्स्पोसॅट' सोडला. मात्र त्याचे काम निवडक स्रोत दीर्घकाळ न्याहाळण्याचे आहे, पहाऱ्याचे नव्हे. युरोपीय संघटनेने 'न्यू अथेना' या विशाल क्ष-किरण दुर्बिणीसाठी २०३७ हे वर्ष योजिले आहे. अमेरिकेची रीत येथे विशेष विचारात घेण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाने 'ॲक्सिस' ही क्ष-किरणांची आणि 'प्रिमा' ही अवरक्त किरणांची अशा दोन योजना निवडल्या, प्रत्येकीला अभ्यासासाठी पन्नास लाख डॉलर दिले, खर्चाची कमाल मर्यादा एक अब्ज डॉलर ठरविली आणि दोहोंपैकी एकीचीच निवड २०२६ साली होऊन उड्डाण २०३२ साली होईल, असे त्याच वेळी जाहीर केले. हरणाऱ्या योजनेलाही आपला निकाल केव्हा लागणार, हे ठाऊक होते.

आता मूळ आक्षेपाकडे वळावयास हवे. जव्हार-मोखाड्याचे नाव महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात एका लाजिरवाण्या स्मृतीशी निगडित आहे. १९९२ साली वावर-वांगणीच्या पाड्यांवर कुपोषण आणि रोगराई यांनी शंभराहून अधिक बालके दगावली. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आतील ही घटना होती. येथे पाऊस धो धो कोसळतो आणि वाहून जातो. चैत्र-वैशाखात बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. भात-नागलीची कापणी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात. मुले त्यांच्याबरोबर जातात आणि शाळा, अंगणवाडी, लसीकरण ही सारी मागे राहतात. २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रश्न मात्र सरकारी दप्तरातील जिल्ह्याचे नाव बदलल्याने सुटत नसतो.

ही स्थिती पाहून 'दुर्बिणीचे पैसे जामसरला द्या' असे म्हणणाऱ्याचे अंतःकरण खरे आहे. हिशेब मात्र तपासला पाहिजे. ॲस्ट्रोसॅटला सुमारे १७८ कोटी रुपये खर्च आला. देशाच्या लोकसंख्येवर तो वाटला तर माणशी सव्वा रुपया पडतो, आणि तोही दहा वर्षांच्या कामाचा. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात अंतराळ विभागाची तरतूद सुमारे १३,४१६ कोटी रुपयांची होती. ५० लाख ६५ हजार कोटींच्या एकूण खर्चात ती शंभर रुपयांना सव्वीस पैसे भरते, आणि त्यातही खगोलशास्त्राचा वाटा अल्प. बहुतांश रक्कम हवामान, दळणवळण, भूनिरीक्षण व अग्निबाण यांवर खर्च होते. त्याच अंदाजपत्रकात अंगणवाडी व पोषण कार्यक्रमासाठी २१,९६० कोटी रुपये होते. सबंध अंतराळ विभागापेक्षा पोषणाची तरतूद अधिक असूनही जामसरचे मूल उपाशी राहत असेल, तर दोष तिजोरीत तितका नाही जितका तो तिजोरीपासून पाड्यापर्यंतच्या वाटेत आहे. रिकामी राहिलेली डॉक्टरांची व पर्यवेक्षकांची पदे, वेळेवर न पोहोचणारा निधी, उन्हाळ्यात गावातच काम न मिळणे, स्थलांतरित मुलांची नोंद कोणी ठेवावयाची याविषयीची टोलवाटोलवी, ही त्या वाटेवरची खाचखळग्यांची यादी होय. दुर्बीण रद्द केल्याने यांतील एकही खळगा बुजत नाही.

अर्थशास्त्रात संधिव्यय ही एक मूलभूत संकल्पना आहे. एका गोष्टीवर केलेल्या खर्चामुळे दुसरी कोणती सोडावी लागली, हे पाहिल्याखेरीज खर्चाचा न्याय होत नाही. परंतु सोडावी लागलेली गोष्ट खरोखरच त्या खर्चामुळे सुटली, हेही दाखवावे लागते. २०१५ हे वर्ष या बाबतीत बोलके आहे. ज्या वर्षी ॲस्ट्रोसॅट उडाला, त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने आदिवासी क्षेत्रांतील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू केली आणि तिला एका अंतराळशास्त्रज्ञाचे, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचे, नाव दिले. एकाच वर्षी देशाला दोन्ही गोष्टी परवडल्या. त्यांपैकी एक दहा वर्षे निर्वेध चालली आणि दुसरी पाड्यापाड्यावर अडखळत राहिली असेल, तर शिकावयाचे ते हे की, उपग्रहाच्या प्रत्येक खिळ्याला जसा एक जबाबदार माणूस नेमलेला असतो, तसा अंगणवाडीच्या प्रत्येक ताटालाही असावा.

विज्ञानाच्या कैवाऱ्यांनीही आपली बाजू सैल युक्तिवादांवर उभी करू नये. या संशोधनातून विमानतळावरील सामान तपासणीची यंत्रे विकसित होण्यास हातभार लागला, कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे शोधक आता रुग्णालयांतील कॅमेऱ्यांतही वापरले जातात, या गोष्टी खऱ्या आहेत. पण केवळ रुग्णालयातील कॅमेरे हवे असतील तर आकाशात जाण्याऐवजी थेट कॅमेऱ्यांवरच पैसे खर्चणे स्वस्त पडेल, असे कोणीही विद्यार्थी म्हणू शकेल. या शास्त्राचे खरे समर्थन त्याहून साधे आहे. ज्या देशात विश्वाविषयीचे नवे ज्ञान निर्माण होते, तेथे कठीण उपकरणे स्वतः घडविणारी, चूक कबूल करून दुरुस्त करणारी माणसे तयार होतात. ती बाजारात विकत मिळत नाहीत आणि एकदा पांगली की पुन्हा गोळा करण्यास पिढी जाते.

येथेच विलंबाची किंमत मोजली पाहिजे. कोणताही कारखानदार यंत्रावर घसारा धरतो आणि जुने यंत्र बंद पडण्याआधी नव्याची तजवीज करतो. ॲस्ट्रोसॅटला २००४ साली मंजुरी मिळाली आणि उड्डाणास २०१५ साल उजाडले. अकरा वर्षे लागली. त्याने आपले आखलेले आयुष्य केव्हाच ओलांडले आहे. 'दक्ष'ला आज मंजुरी मिळाली तरी मधल्या वर्षांत एक रिकामा कालखंड राहण्याचा धोका आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये संमती दिली. तिचा खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये असून ती २०३० पर्यंत पुरी करण्याचे योजिले आहे. ती टकरीची चाहूल देईल. परंतु टक्कर नेमकी कोठे झाली आणि तीतून कोणता प्रकाश निघाला, हे पाहण्यास आकाशात सदैव उघडा डोळा हवा. शेतात विहीर खणून मोट न बसविणाऱ्यासारखी आपली गत होऊ नये. ज्या पूरक वस्तूवाचून मोठ्या गुंतवणुकीचे फळ अपुरे राहते, ती लांबणीवर टाकणे यास काटकसर म्हणता येत नाही.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. पहिली ही की, 'दक्ष'चा निर्णय ठरलेल्या मुदतीत व्हावा आणि तो जाहीर व्हावा. परीक्षणान्ती योजना अपुरी वाटली तर कारणे देऊन ती नाकारावी. अनिश्चिततेत वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवू नये. तरुण संशोधकांना नकार पचविता येतो; मौन मात्र त्यांना परदेशाची वाट दाखविते.

दुसरी मागणी विज्ञानसंस्थांकडे आहे. जामसरच्या माणसानेही आपला सव्वा रुपया भरला आहे, याचे भान त्यांनी ठेवावे. ॲस्ट्रोसॅटची बरीच माहिती आज सर्वांना खुली आहे. संगणक आणि मार्गदर्शन असेल तर तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही तिच्यावर काम करू शकतो. उणीव आहे ती मार्गदर्शनाची आणि मराठीतील साहित्याची. नारळीकरांनी आयुष्यभर मराठीतून विज्ञान लिहिले आणि मे २०२५ मध्ये ते गेले. ती परंपरा एका माणसावर विसंबून राहणे योग्य नव्हते आणि नाही. प्रत्येक मोठ्या खगोलीय योजनेच्या खर्चात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आणि आश्रमशाळांपर्यंत जाणाऱ्या कार्यक्रमांचा एक लहान पण निश्चित हिस्सा आरंभीच लिहिला जावा. उरल्यासुरल्या रकमेतून करावयाचे ते काम नव्हे.

ही एकतर्फी शिकवणी ठरण्याचेही कारण नाही. टाटा संस्थेचे मयंक वाहिया हे अंतराळ उपकरणांवर काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांसह विदर्भातील गोंडांचे आकाशज्ञान गावोगाव जाऊन नोंदविले. वारल्यांच्या लग्नचौकातही सूर्यचंद्र मांडलेले असतात. ज्यांची शेती आणि सण आकाशाकडे पाहून ठरत आले, त्यांना आकाशाविषयी कुतूहल नाही असे शहरी माणसाने परस्पर ठरवून टाकू नये. भाकरी आणि कुतूहल यांपैकी एकच निवडा, असे पुण्या-मुंबईच्या मुलाला कोणी सांगत नाही. जामसरच्या मुलाच्या नावाने मात्र ही निवड दुसरेच करून मोकळे होतात.

येत्या ज्येष्ठातही विंचू दक्षिणेला उगवेल आणि पहिल्या पावसाबरोबर ढगाआड जाईल. त्याआधी अंगणवाडीतील ताट भरलेले असावे आणि त्या ताटावर वाढलेल्या एखाद्या मुलीने पुढे पवईला अथवा पुण्याला जाऊन त्या ताऱ्याचे क्ष-किरण मोजावेत, ही अपेक्षा अवास्तव नाही. तिच्यासाठी दोन खर्च करावे लागतील. देशाला ते दोन्ही परवडतात. त्यांपैकी एकही न करण्यास दुसऱ्याचे निमित्त यापुढे सांगितले जाऊ नये.